वाचक विचारतात : चाळिशीत शब्बाथ पाळायला सुरुवात करायची तर?

यावेळी तीन पत्रं जवळपास एकाच विषयावर आलीत म्हणून तिन्ही एकत्र घेतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, आम्ही बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी रायगडात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतची विश्रांती), घाणा बंद, म्हणून गावात शनवार तेली म्हणायचे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर ही आडनावं आमच्यातही असतात. बरेच जण इस्रायलला गेले, आता भारतात पाच हजारसुद्धा उरले नसतील. बाकीच्या वाचकांनीही वाचा, सासू-सुना आणि किचनचे प्रश्न सगळीकडे सारखेच असतात.

प्रश्न : मावशी, शालोम. मी ठाण्यात राहतो, वय ४३, आयटीत आहे. आमचं घर नावापुरतं ज्यू. बाबा कीपूरला, म्हणजे मोठ्या उपासाला, सिनेगॉगमध्ये (आपल्या प्रार्थनागृहात) जायचे, पेसाहच्या सणाला मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, आणायचे, बाकी वर्षभर सगळं चालायचं, कोळंबीसुद्धा. गेल्या वर्षी बाबा गेले, कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला म्हणून शनिवारी जायला लागलो, अक्षरं वाचता येत नव्हती, मोबाईलवर देवनागरीत लिहून घेतलेलं बघून म्हणायचो. आता अकरा महिने संपले, कद्दिश संपला, तरी शनिवारी पाय तिकडेच वळतात. युट्यूबवर न्यूयॉर्कच्या रब्बींचे, म्हणजे धर्मगुरूंचे, व्हिडिओ बघतो, ते म्हणतात अख्खं किचन बदला, शनिवारी लाईटचं बटण दाबू नका. बायको म्हणते हे काय नवीन खूळ. आई म्हणते आपण शेमाची प्रार्थना म्हणतो, पोह्यांचा मलिदा करतो, अजून काय पाहिजे. सुरुवात कुठून करू? की या वयात उशीर झालाय?

उत्तर : उशिराचं आधी सांगते म्हणजे तो विषय संपेल. आपले जुन्या काळचे मोठे विद्वान रब्बी अकिवा चाळिशीपर्यंत निरक्षर होते, गुरं राखायचे, नंतर मुलाच्या शेजारी बसून आलेफ-बेथ, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, गिरवली असं आपल्याकडे सांगतात. तुम्ही तीन वर्षं लेट आहात फक्त.

पण मला तुम्हाला अकिवांपेक्षा आपल्याच लोकांचं सांगायचंय. व्हिडिओ बघून तुम्हाला वाटत असेल की खरा धर्म कुठेतरी न्यूयॉर्कला, यरुशलेमला आहे आणि आपण कोकणातले अर्धवट. अहो आपली अख्खी जमातच मोठेपणी शिकून परत आलेली आहे! नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात बाया आणि सात पुरुष वाचले, पोथ्या सगळ्या समुद्रात गेल्या, ही गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. लोकांकडे राहिलं काय तर शेमा, सुंता, शनिवार आणि माशांचा नियम. मग डेव्हिड राहाबी नावाचा माणूस आला, त्याने बायकांसमोर सगळ्या प्रकारचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं, बायकांनी खवले आणि पर असलेले तेवढे घेतले आणि बाकीचे बाजूला सारले, तेव्हा त्याला खात्री पटली की ही आपलीच माणसं. दंतकथा म्हणा हवं तर. मला ती आवडते कारण त्यात परीक्षा पास झाल्या त्या चुलीपुढच्या बायका, आणि हिब्रूचं एक अक्षर न येता. राहाबीने मग झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या तीन घरांतल्या माणसांना शिकवून काजी, म्हणजे धर्मकार्य चालवणारे, केलं. पुढे कोचीनहून शिकवणारे आले. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, म्हणजे त्याआधी आपल्याला बसून प्रार्थना करायला जागाच नव्हती. मिशनरी जॉन विल्सनने १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, त्याचा हेतू वेगळा होता, आपल्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि बाकीचं त्याच्याकडेच ठेवलं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं करून ठेवली, १८७४ मध्ये पुण्याला चित्रांसकट मराठी हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. हे सगळं कुणासाठी होतं, तर ज्यांना येत नव्हतं त्यांच्यासाठी. त्यामुळे मोबाईलवर बघून कद्दिश म्हटला याची लाज बाळगू नका.

आता सुरुवात. शुक्रवार संध्याकाळ. दुसरं काहीही नाही, किचन नाही, बटण नाही, फक्त शुक्रवार संध्याकाळ धरा.

दिवा सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी लागतो आणि इथेच तुमची पहिली मारामारी होणार, कारण नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो आणि तुम्ही त्यावेळी घाटकोपरला लोकलच्या दारात लटकलेले असणार. मॅनेजरला धर्माचं लेक्चर देऊ नका, सरळ सांगा शुक्रवारी लवकर निघणार, रविवारी लॉगिन करून भरून काढीन. आयटीवाल्यांना हे जमतं, दुकानवाल्यांना आणि नर्सना नाही जमत, तेव्हा तुम्ही नशीबवान आहात. नाहीच पोचलात तर दिवा बायकोने किंवा आईने लावावा, तो मुळात घरातल्या बाईचाच मान आहे, आणि तुम्ही आल्यावर किद्दुश, म्हणजे द्राक्षाच्या पेल्यावरची प्रार्थना, करा. वेळ टळल्यावर आपण पोचलो म्हणून दिवा लावू नये, हे मात्र पक्कं.

किद्दुशला वाईन हवी असं नाही. आपल्याकडे काळ्या मनुकांचं शरबत असतं, आईला विचारा, तिला नक्की येत असेल. मनुका धुऊन सकाळी पाण्यात भिजत टाकायच्या, संध्याकाळपर्यंत टम्म फुगतात, मग त्याच पाण्यात कुस्करायच्या किंवा मिक्सरला एकदा फिरवायच्या आणि फडक्यातून गाळायचं. साखर नको. द्राक्षाचीच बेराखा, म्हणजे खाण्यापिण्याआधीचं स्तुतिवचन, त्यावर चालते, कोकणात वाईन मिळत नव्हती तेव्हापासून हे चाललंय. दोन पाव किंवा दोन चपात्या स्वच्छ फडक्याखाली. मग जेवण, मोबाईल कपाटात, आणि जेवताना मुलांना शाळेत काय झालं ते विचारा. मुलांना बाबाचा फोन एक संध्याकाळ बंद दिसला ना, की महिन्याभरात तीच आठवण करून देतील बघा. शनिवारचं लाईट, लिफ्ट, गाडी हे सगळं हळूहळू येईल, एकेक धरा, आणि धरलं की सोडू नका. एकदम सगळं अंगावर घेतलेले लोक मी बरेच बघितलेत, सहा महिन्यात दमतात आणि मग कीपूरलाही दिसत नाहीत.

किचनचं. भांडी फेकू नका!! ते व्हिडिओ अशा लोकांसाठी आहेत ज्यांच्या चौकात कोशर, म्हणजे धर्माच्या खाण्याच्या नियमात बसणारं, सुपरमार्केट आहे. आपलं आधीच निम्मं काम झालेलं आहे, मांस आणि दूध एकत्र नको म्हणून आपल्या आज्या मटणाला दही-दूध लावायच्या नाहीत, नारळाचं दूध घालायच्या. आधी कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी बंद करा, पापलेट-रावस-बांगडा आहेतच. इथे आई 'आपल्याकडे पहिल्यापासून चालतं' म्हणाली तर ऐकू नका, तुमच्या घरात ते बाबांच्या पिढीत सुरू झालं असेल, पहिल्यापासून नक्कीच नाही. मग मटण-चिकन शोहेतने, म्हणजे आपल्या रीतीने कापणाऱ्याने, कापलेलंच खायचं ठरवा, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस वरण-भात-भाजी होईल आणि डॉक्टरही खूष होतील. हे अंगवळणी पडलं की दुधाची आणि मटणाची भांडी वेगळी करा. स्टीलची भांडी उकळत्या पाण्यातून काढून शुद्ध करता येतात, मातीची नाहीत. तवा, ओव्हन, मिक्सर यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते रब्बीला प्रत्यक्ष दाखवून विचारा, व्हॉट्सअॅपवर नको.

हिब्रू. २२ अक्षरं आहेत, आपल्या बाराखडीपुढे काहीच नाही. अर्थ नंतर, आधी नुसतं वाचायला शिका, एक छोटी प्रार्थना घ्या आणि तीच पाठ होईपर्यंत वाचा. सिनेगॉगमध्ये हजानच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याच्या, जवळ बसा, लाजून मागच्या बाकावर नको, आणि बाजूच्या काकांना पान विचारा, म्हाताऱ्यांना विचारलेलं आवडतं. ठाण्यात तुमच्याकडे १८७९ पासूनचं शाआर हश्शामाईम आहे, तिकडे माणसं तरी येतात, अलिबाग-पेणकडे शनिवारी दहा पुरुष जमवायची काय कसरत असते ते त्यांना विचारा. दहा नसतील तर कद्दिश नाही, सेफेर तोरा, म्हणजे तोराह या धर्मग्रंथाची गुंडाळी, तीही निघत नाही. बाबांसाठी तुम्ही उभे राहिलात तेव्हा बाकीचे नऊ आलेले होते म्हणून तुमचा कद्दिश झाला, आता दुसऱ्या कुणाचे बाबा जातील तेव्हा तुम्ही तिकडे हवेत. अकरा महिने संपल्यावर पाय का वळतात विचारताय, मला तरी हे कारण पुरेसं वाटतं.

बायकोबद्दल एकच, तिच्या ताटात डोकावू नका. नियम स्वतःला लावा. ती ऑफिसमध्ये काय खाते, शनिवारी पार्लरला जाते का, याची चौकशी सुरू केलीत की ती या सगळ्याचा राग राग करेल आणि मला ते चूक वाटणार नाही. शुक्रवारचं जेवण तुम्ही रांधा किंवा निदान गुरुवारी रात्री भाजी चिरून ठेवा. शब्बाथ म्हणजे नवऱ्याला विश्रांती आणि बाईला डबल स्वयंपाक असा प्रकार बऱ्याच धार्मिक घरांत चालतो.

आणि आई. मलिदा पुरेसा आहे का? नाही. पण ती म्हणते तितका साधाही नाही. पुढच्या वेळी एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतील तेव्हा नुसतं खायला बसू नका, बघा, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं, आणि प्रत्येक गोष्टीवर वेगळी बेराखा, झाडाच्या फळावर वेगळी, जमिनीतून येतं त्यावर वेगळी, सुवासाच्या पाल्यावर वेगळी. बेराखांचा अर्धा अभ्यासक्रम त्या एका परातीत आहे. 'तू बिश्वात' या झाडांच्या सणाला खंडाळ्याला, अलिबागजवळच्या, जाऊन या एकदा आईला घेऊन, एलियाहूच्या रथाच्या चाकाची खूण म्हणून दाखवतात तो खडक आहे तिथे.

प्रश्न : माझे वडील बेने इस्रायल, आई मराठी हिंदू. पुण्यात वाढले, वय ३१. घरी गणपतीही बसायचा आणि आम्ही कीपूरच्या पुऱ्याही खायचो. गेली काही वर्षं मी शुक्रवारी दिवा लावते, उपास करते, रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये सणाला जाते. मागे कुणीतरी तोंडावर म्हणालं की तू ज्यू नाहीस, आधी कन्व्हर्ट हो. मी तर परत येतेय ना? आजोबा-पणजोबांच्या धर्मात यायला परवानगी कसली?

उत्तर : तोंडावर म्हणणाऱ्याची पद्धत चुकली, माहिती चुकली नाही. गोड बोलून तुला फसवण्यापेक्षा स्पष्ट सांगते. हलाखा म्हणजे आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे आई ज्यू असेल तर मूल ज्यू, वडिलांवरून नाही. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने १९८३ मध्ये वडिलांवरूनही, पण मुलाला ज्यू म्हणून वाढवलं असेल तर, मान्य केलं, पण आपली इथली बहुतेक सिनेगॉगं ऑर्थोडॉक्स रीतीची आहेत, तिथे ते धरत नाहीत. इस्रायलचा परतीचा कायदा १९५० चा, १९७० मध्ये त्यात ज्यू माणसाच्या मुलांना आणि नातवंडांनाही घेतलं, त्यामुळे तुला तिकडे जाऊन नागरिक होता येईल, पण लग्नाला उभी राहिलीस की रब्बीनेट, म्हणजे तिकडची रब्बींची सरकारी संस्था, आईचंच विचारणार. कागदावर एक आणि मांडवात एक. पुष्कळ जण तिकडे गेल्यावर या खड्ड्यात पडतात म्हणून आत्ताच सांगितलं.

म्हणजे गियूर, रीतसर धर्मांतर, करावा लागेल. शिकायचं, एखादं वर्ष तरी नियम पाळून दाखवायचे, तीन जणांच्या बेथ दीनसमोर, म्हणजे धर्मन्यायालयासमोर, उभं राहायचं, मिक्वेत, म्हणजे विधीच्या कुंडात, बुडी मारायची. रब्बी सुरुवातीला नको म्हणतात, ते मनावर घेऊ नकोस, ती जुनी रीतच आहे. घाईने पैसे घेऊन सर्टिफिकेट देणारा कुणी भेटला तर मात्र उलट्या पावली परत ये. कुठल्या बेथ दीनचा गियूर पुढे कुठे धरला जातो हे आधी लेखी विचारून घे.

पण तुझा प्रश्न परवानगीचा नाहीये, मानाचा आहे, हे मला कळतं. ज्याचे वडील ज्यू त्याला झेरा यिस्राएल म्हणतात, इस्रायलचं बीज, आणि अशांसाठी दार जास्त उघडं ठेवावं असं म्हणणारे मोठे रब्बी होऊन गेलेत, इस्रायलचे सेफार्दी (स्पेनकडच्या परंपरेच्या ज्यूंचे) चीफ रब्बी बेन-झियोन उझिएल त्यातलेच. तेव्हा नवखी म्हणून जाऊ नकोस, वडिलांचे कागद, आजी-आजोबांचा केथुबा, म्हणजे लग्नाचा करार, सिनेगॉगमधल्या नोंदी, कबरस्तानातले दगड, सगळ्याचे फोटो घेऊन फाईल कर.

आणि तुला 'खरी नाहीस' म्हणणाऱ्या आपल्या माणसांना मी थोडं आठवण करून देते. आपल्यातच एके काळी गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असा भेद होता, मिश्र लग्नाच्या मुलांना वेगळं बसवायचे, रोटी-बेटी नाही, आणि हे जातीच्या उतरंडीचं खूळ आपण तोराहमधून नाही, शेजारून उचललं. मग आपणच इस्रायलला गेलो तेव्हा रब्बीनेटने आपल्या लग्नांसाठी आईच्या, आजीच्या आणि त्याही मागच्या चौकशा लावल्या, तेव्हा आपल्या लोकांना रस्त्यावर बसावं लागलं, १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत तेव्हा कुठे नियमाची भाषा बदलली. इतकं सोसलेल्यांनी पोरीशी बोलताना जरा जीभ सांभाळावी.

राहता राहिला गणपती. हे अवघड आहे आणि ते सोपं करून सांगता येणार नाही. गियूर झाल्यावर आरतीला हात जोडणं नाही, नैवेद्य दाखवलेले मोदक नाहीत. आईला हे आज, शांतपणे, तुझ्या तोंडून कळू दे, ऐन चतुर्थीला ताटावरून उठून नको. आई आईच राहते, तिचा मान तसाच राहतो. तिच्याकडे जायचं, मखराचा कागद कापून द्यायचा की नाही हे रब्बीला विचार, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर रात्री हॉस्पिटलमध्ये झोपायचं तुलाच आहे. बहुतेक आया चार दिवस रुसतात आणि पाचव्या दिवशी विचारतात, मग तुला चालेल असं काय करू.

प्रश्न : अश्दोदहून लिहितेय. आम्ही भायखळ्याचे, इकडे येऊन पंचवीस वर्षं झाली. मुलगा आर्मी करून आला आणि खोझेर बितशुवा झाला, म्हणजे धर्माकडे वळला, आता येशिवात (धर्मपाठशाळेत) आहे, काळी हॅट, काळा कोट, अश्दोदच्या उन्हात. ते ठीक आहे, पण माझ्या हातचं खात नाही. बाहेरून डबा आणतो आणि माझ्या टेबलावर बसून खातो. मी शुक्रवारी दिवा लावते, डुक्कर कधी घरात आणलं नाही. पेसाहला म्हणे भातही नको. मी काय करू?

उत्तर : रडू नका पहिल्यांदा. दुसरं, हे तुमच्या स्वच्छतेबद्दल नाही, भांड्यांबद्दल आहे. मुलाला घेऊन दुकानात जा, त्याच्या पसंतीने दोन पातेली, एक तवा, एक सुरी, एक पाटा घ्या, मिक्वेत बुडवून आणायचं काम त्याला द्या, आणि त्यावर त्याचं नाव घालून वेगळ्या कपाटात ठेवा. सामान त्याला चालतो तो हेखशेर, म्हणजे कोशरचा शिक्का, बघून आणा, यादी त्याच्याकडून लिहून घ्या. मग रांधा. तुमच्या हाताशी आपला मोठा फायदा आहे, नारळाचं दूध. दूधही नाही आणि मांसही नाही, पार्वे, म्हणजे मटणानंतर गोड काय द्यायचं हा प्रश्न ज्या अश्कनाझी, म्हणजे युरोपकडच्या ज्यू, बायकांना सोयाचं क्रीम घालून सोडवावा लागतो तो आपल्याकडे सांदणांनी आणि गव्हाच्या चिकाच्या हलव्याने कधीच सुटलाय. रोश हशानाला, म्हणजे नववर्षाला, आपल्या जुन्या 'नव्याच्या सणा'ला, त्याच्या नव्या पातेल्यात चिकाचा हलवा घोटा, आणि दोन तास ढवळायला त्यालाच उभा करा, येशिवात हाताला व्यायाम नसतो.

पेसाहच्या भाताचं. तांदूळ न खाणं ही अश्कनाझींची रीत आहे, सेफार्दींच्या बहुतेक घरांत तांदूळ चालतो, नीट निवडून, काही जण तीन तीनदा निवडतात. तुमच्याकडे वडिलोपार्जित भात खात असतील तर त्याला म्हणा, बाळा, तुझ्या रोश येशिवाला, म्हणजे येशिवाच्या प्रमुखाला, एवढंच विचार की बापाची रीत सोडून मित्राची धरायला सांगितलंय कुठे? भांडू नका, प्रश्न म्हणून विचारा. मुलं घरातून बाहेर पडतात आणि पहिलं जे शिकवणारं भेटतं त्याची भाषा, टोपी, सूर, सगळंच उचलतात, मग घरी येऊन आपल्याच हजानचे सूर त्यांना चुकीचे वाटतात. त्याला जुन्या सुरातलं एलियाहू हन्नबी येतं का विचारा, नसेल येत तर नवऱ्याला शिकवायला बसवा.

आणि डबा घेऊन आला तर घेऊन येऊ द्या, पण ताट मांडायचं तुम्हीच, कागदाची प्लेट असली तरी. जुना घावनांचा तवा त्याला चालवून घ्या म्हणून मागे लागू नका, तो तुमचा तुम्हाला राहू दे.